हिरकणीला न जुमानणारी काच

लेक : अहो बाबा! काच कापायची हिरकणी फिरवलीत तुम्ही माझ्या काचेवर?

बाबा : फ्रेमला दोन सूत, पाव इंचभर जास्त होती गं. म्हटलं, तुझ्या प्रयोगशाळेच्या मॅडम यायच्या आत पोरीला मदत करावी. रेघ ओढली मात्र, आणि ठिकऱ्या! जन्मभर काचा कापतोय, असं कधी झालं नाही.

लेक : ही कापायची नसते! आता एकच उरली. मॅडम चाचणीला तिच्यावर वरून लोखंडी गोळा सोडणार; त्यानं ती फुटली, तर इथली भट्टी दुसऱ्या कुणाला देणार त्या. दोन वर्षांचं काम माझं!

बाबा : चुकलंच. हात शिवशिवतात मेले. पण घातलंयस काय हिच्यात?

लेक : काचेत वाळूचं जाळं असतं, ते जागचं हलत नाही. पण त्यात सोडियमचे बारके कण असतात. काच तापली की ते या फटीतून त्या फटीत सरकतात.

बाबा : घट्ट काचेत? काहीतरीच!

लेक : खरंच! तशी तापलेली काच पोटॅशियमच्या वितळलेल्या क्षारात बुडवायची. सोडियमचे कण बाहेर पडतात, त्यांच्या जागी पोटॅशियमचे शिरतात. हे अंगानं मोठे.

बाबा : म्हणजे बाकावरून तू उठलीस आणि तिथे तुझा मामा बसला.

लेक : अगदी! मग सगळा बाक दाटतो. वरचा थर इतका आवळला जातो की चिरेला सहज वाव मिळत नाही. पण आतली काच ताणलेली असते; हिरकणी तो थर चिरून आत गेली, की ताण एकदम सुटतो आणि ठिकऱ्या!

बाबा : मामाला सांगू नकोस हं. कानस दे इकडे.

लेक : आता काय करताय?

बाबा : फ्रेम घासतो. आजवर फ्रेमसाठी काच कापली. तुझ्या काचेसाठी फ्रेम कापू.

मॅडम : झाली का तयारी? सोडते हं गोळा.

(ठण्‌!)

मॅडम : टप्पा घेऊन उडाला की! ओरखडासुद्धा नाही. भट्टी तुझीच गं. आणि हे कोण? या ठिकऱ्या कसल्या?

लेक : माझे बाबा. काचेचं दुकान आहे त्यांचं. ठिकऱ्या... ते माझ्याच हातून...

बाबा : खोटं बोलतेय, मॅडम. मी कापायला गेलो. माझ्या हिरकणीला आजवर एकाही काचेनं नाही म्हटलं नव्हतं. ही मोडली, पण ऐकलं नाही तिनं. लेकीवर गेलीय.