चार किलो गेले कुठे?

आता मला सांगा, सहा नि आठ किती होतात? चौदा. तुम्ही चौदा म्हणणार, मी चौदा म्हणणार, आणि आमचा अबूबकर तर छातीठोक चौदा म्हणणार, कारण एकोणीस वर्षं दोह्यात कार्गोच्या ऑफिसात लोकांचे खोके तोलतोय, रत्नागिरीचा माणूस, सहाची पिशवी नि आठची पिशवी एकत्र बांधली तर चौदाच भरायला पाहिजेत, कमी भरली तर मधे कुणीतरी हात मारला... आणि त्या दिवशी काटा दाखवतो दहा! मग चार किलो गेले कुठे?

थांबा, नीट सांगतो. दोह्यातल्या अल हिलाल भागात आम्ही एकाच व्हिलाचे तुकडे करून राहतो, मधे प्लायवुडची भिंत, पलीकडे अबूबकर, त्याची बायको सलमा नि अकरावीतली रिदा, अलीकडे मी, वसईचा जॉर्ज, एकटा जीव. त्या भिंतीतून महिनाभर मला काय ऐकू यायचं? सलमा : "अम्मी पडल्यात, त्यांना उठवून बसवायला गावाला कोण आहे? मी रिदाला घेऊन चालले." अबूबकर : "तिची शाळा इथं आहे. ती कुठंही जाणार नाही." रोज हेच, सकाळ-संध्याकाळ. आणि जिच्यासाठी हे चाललंय तिचा आवाज कधी येतच नव्हता हो.

तर शुक्रवारी, नमाजहून आल्यावर, रिदाचं गणित निघालं. एक बल सहाचं, एक आठचं, मधे काटकोन, दोन्ही मिळून ओढ किती नि कुठल्या दिशेला? पोरगी म्हणाली, "अब्बा, आन्सर इज टेन." अबूबकर उखडला. "सहा नि आठ दहा? शाळेत हे शिकवतात गो?" आणि भिंतीवर थाप, "जॉर्जभाई, जरा या!"

आता आखातातल्या घरात एक वेळ मीठ नसेल, पण बॅगा तोलायचा हुकाचा काटा असतोच, आणि अबूबकरकडे तर तीन. एक काटा खिडकीच्या गजाला अडकवला, त्याला दोरी, दोरीच्या गाठीला आणखी दोन दोऱ्या, दोऱ्यांना उरलेले दोन काटे. फरशीच्या रेघा धरून रिदा ओढतेय सहा, मी ओढतोय आठ, माझी लुंगी सुटायला आलेली, आणि अबूबकर गजाच्या काट्यात डोळे घालून उभा. दहा. परत ओढा. दहा. रिदानं कोन मोजला, म्हणाली आठच्या दोरीपासून सदतीस अंश, ज्याचा जोर जास्त त्याच्याकडे झुकतं. अबूबकरला त्या सदतीसशी काय करायचंय? त्याचं एकच, चार किलो गेले कुठे?

मग पोरीनं काय केलं, आपली दोरी बापाच्या हातात दिली, मला बरोबर समोरच्या बाजूला नेलं. "नाऊ पुल." तो सहा, मी आठ, समोरासमोर, घाम फुटला आम्हाला... तिसरा काटा दोन! चौदातले उरले दोन. स्वयंपाकघराच्या दारातून सलमा म्हणाली, "या घरात दुसरं काय चाललंय?"

आणि तुम्हाला सांगतो, जी पोरगी घरात उठता-बसता इंग्रजी बोलते ती मराठीत म्हणाली, "दोघं एकाच बाजूला ओढा ना, अब्बा. मला दुखतं."

अबूबकरनं काय करावं? "काटाच खोटा आहे," म्हणाला, आणि गेला नि त्या गजाच्या काट्याला दोन्ही हातांनी लटकला, अख्खा माणूस, ऐंशी किलोचा. आत काहीतरी कट्‌ झालं. सोडल्यावर काटा नीट शून्यावर बसला, मग कोण बघतंय? संध्याकाळी भिंतीतून आवाज आला, बारीक. "दोघी जा. मी मन्सूराला एकट्यापुरती शेअरिंगची खोली बघतो."

बॅगा त्यानंच भरल्या. रिदाची बॅग त्याच काट्यावर तोलली, बरोबर तीस. एकोणीस वर्षांत त्याची बॅग कधी जादा वजनापायी परत आली नाही, आणि विमानतळावर काउंटरवरची बाई म्हणते, "सर, थर्टी-फोर." सगळ्या रांगेसमोर! सलमाची बॅग आधीच काठोकाठ. मग काय, तिथंच जमिनीवर बसून बॅग उघडली. रिदानं एकेक करून पुस्तकं काढली, "तिकडं दुसरी असतील, अब्बा," बापाच्या हातात दिली, आणि गेली. आत जाईपर्यंत तीनदा वळून बघितलं तिनं. तो हात हलवू शकला नाही, हातात पुस्तकं होती ना.

परतताना मेट्रोत पुस्तकांची पिशवी त्याच्या मांडीवर. सबंध वाटेत एकच वाक्य, "सापडले हो चार किलो, जॉर्जभाई."

आणि घरी आल्यावर, खोड जाते का माणसाची, त्यानं ती पिशवी गजाच्या त्याच काट्याला अडकवली. मी बघत होतो. पिशवी लोंबतेय, दोरी ताणलेली, आणि काटा शून्यावर. जागचा हलला नाही. अबूबकरनं वाकून बघितलं, टिचकी मारून बघितलं. शून्यच. मग पिशवी उतरवली, छातीशी धरली आणि मला म्हणाला, "खलास. याच्या मते काही गेलंच नाही."