कोंडाबाईचा सागवानी पाळणा

मंडळी, ऐका. आधी एक सांगा – घरात घाण वास सुटला, तर माणूस तो कुठून येतो ते शोधतो, की पाहुण्यांना कळू नये म्हणून धडपडतो? खांबाला टेकलेले दादा, तुम्हालाच विचारलं.

बार्शीच्या कोंडाबाईला नात झाली. सून वैजयंता सासरीच बाळंत झालेली. बाराव्या दिवशी बारसं. तिसऱ्याच दिवशी कोंडाबाईनं माळ्यावरून सागवानी पाळणा उतरवून घेतला. तिची पाच लेकरं त्यात वाढलेली. नातीचं नाव याच पाळण्यात ठेवणार, असं गल्लीभर सांगून झालेलं.

पाळणा खाली आला, त्याच्याबरोबर वासही आला. कसला? उंदराचा! वीस वर्षं माळ्यावर काय अत्तराचं दुकान होतं?

सून हळूच म्हणाली, "आत्याबाई, वास येतोय."

"जुन्या सागाला येतोच. तुमच्याकडं सगळं प्लायवूड, तुला काय कळणार?"

झालं. सून बाळाची दुपटी घड्या करायला लागली.

मग कोंडाबाईनं सगळ्यांची नजर चुकवून स्वतः नाक लावलं. कळलं तिला. पण कबूल करेल ती कोंडाबाई कसली? एक दिवस धुपाची धुरी. एक दिवस कापूर. मग डांबराच्या गोळ्या. शेवटी लेकाच्या लग्नातली अत्तराची कुपी पालथी केली. आता वास कसा? उंदीर नटूनथटून वरातीला निघाल्यासारखा. यात आठ दिवस गेले.

अकराव्या दिवशी केरबा सुतार कडी बसवायला आला. त्यानं काही विचारलं नाही, पाळण्यातली जुनी गादी उचलली. खाली चिंध्यांचं घरटं, लेंड्या, फळीवर काळे डाग.

"मावशी, गादी फेका. फळी रिठ्याच्या पाण्यानं घासा आणि तीन दिवस कडक ऊन द्या. लाकूड वास पिऊन बसतं, वाळल्याशिवाय सोडत नाही."

तीन दिवस – आणि बारसं उद्या!

कोंडाबाई खाली बसली. विहीण येणार, गल्लीतल्या बाया येणार. वर नवी गादी घातली असती, तर तोंडावर कुणी बोललं नसतं. पण मंडळी, पाहुण्या घटकाभर थांबणार. पोरीला रोज त्यातच निजायचं होतं.

तिनं पदर खोचला. पाळणा अंगणात ओढला, स्वतःच्या हातानं घासला आणि उन्हात आडवा टाकला.

दुसऱ्या दिवशी विहिणीनं विचारलंच, पाळणा कुठाय. सगळ्या बायांचे कान तिकडं.

"अंगणात वाळतोय," कोंडाबाई म्हणाली. "उंदरांनी नासवला होता. वैजयंतानं पहिल्याच दिवशी सांगितलं. मी मानलं नाही."

आणि तिनं आपलं मऊ जुनं लुगडं आढ्याला बांधून झोळी केली. लेकीनं भाचीच्या कानात नाव सांगितलं. पोर तिथंच झोपली.

आता बघा, पाळणा घासायला कोंडाबाईला घटकाभर लागला. सुनेचं खरं म्हणायला आठ दिवस. तुमच्या घरातही कुणीतरी कधीपासून एकच गोष्ट हळू आवाजात सांगतंय, आणि तुम्ही त्याला गप्प बसवताय. कोण ते, नाव घेऊन सांगू? नको ना? मग आज घरी गेल्यावर त्याला विचारा, काय म्हणत होतास म्हणून.

म्हणा, हरी विठ्ठल. मघाशी तोंडं मिटली होती, आता बरा आवाज निघाला.