पैंजणाच्या प्रेसची गादी

हुपरीहून कोल्हापूरला येणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर बापलेक बसले होते.

"अप्पा, प्रेसची गादी कॉलेजात कशाला घेतलीसा?"

"तुझ्या सरांस्नी दाखवाय नको व्हय, सोनल? हिनं दाबून चांदीवर फुलं कशी टच्च उठल्यात! आन् गादीला चीर न्हाय."

"मागली पहिल्याच दाबाला फुटली. पॉलियुरेथेनचं रबर वतताना जोड बसवायचं औषध तुम्हीच जादा घातलंसा."

"जादा जोड, जादा ताकद, असं वाटलं की!"

"पैंजणाच्या साखळ्या शेजारी ठेवून कडी न् कडी एकमेकीला झाळून जोडली तर?"

"लवणार न्हाय. वाकवलं की मोडंल."

"आणि कुठंच झाळली न्हाय तर?"

"वडली की पसरंल. मधी-मधी झाळायची, म्हंजे लवतंय आन् जाग्यावर येतंय."

"गादीच्या रबरातबी तशाच, डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक साखळ्या हायत्या, अप्पा."

"मग हे आधी सांगायचं न्हाय व्हय!"

"सांगत हुते की. 'मला झाळणं शिकवू नगं' म्हणालासा."

"...ओ पावणं! मागं बसलेलं! ही गादी अंगठ्यानं दाबा. जोरात! आली का न्हाय परत वर? माझ्या पोरीनं वतलीया! द्या फुडं, पार ड्रायव्हरपातूर जाऊ द्या!"