शिट्टी सर पडल्या पडल्या धावले

दोष बाबांचा. शंभर टक्के बाबांचा! हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय, मग तुम्हाला सांगायला कशाला घाबरू? बाबा म्हणजे शाळेतले निवृत्त पीटीचे मास्तर. अख्खी शाळा त्यांना 'शिट्टी सर' म्हणायची, कारण यांनी फुर्र केलं की हेडमास्तरसुद्धा दोन पावलं पळायचे! आणि मी कॉलेज सोडलं, त्या दिवसापासून घरात एकच शिट्टी... "अर्ध्यात सोडलंस!" दूध उतू गेलं, "अर्ध्यात सोडलंस!" पंखा बंद पडला, "अर्ध्यात सोडलंस!" अहो, पंखा मी बनवलाय का?

तर या शिट्टी सरांचा खुबा झिजला. खुर्चीतून उठायचं तर आधी घरभर बोंब. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "सांधा बदलू, पण हृदयाला ताण सोसतो का ते बघून या, त्याशिवाय मी हात लावणार नाही." म्हणजे बाबा पुन्हा चालणार, की जन्मभर खुर्चीत बसून माझा उद्धार करणार, ते या एका तपासणीवर! आता हृदय बघायचं तर माणसाला फिरत्या पट्ट्यावर पळवतात. ज्याला बाथरूमपर्यंत जाता येत नाही, त्याला कसं पळवणार? तर म्हणे औषधाने! शिरेतून औषध सोडायचं, माणूस पडून राहतो आणि हृदय धावतं. मी म्हटलं, काहीतरीच काय!

मी टायरच्या गोदामात कामाला. मालकाकडे सुट्टी मागितली. मालक काय म्हणाला? "एक दिवस घे. दुसरा मागितलास तर इकडे उगवूच नकोस." ठीक आहे, एकच दिवस लागणार होता... लागणार होता!

बाबांना टेबलावर डाव्या कुशीवर झोपवलं, छातीला चिकटपट्ट्या, दंडाला पट्टा, हाताला सुई. खुबा दुखतो म्हणून कुशीवर धरून ठेवायला मला आत घेतलं. औषध सुरू. डॉक्टरबाई पडद्याकडे बघतायत... हृदय आपलं दुपारी जेवून पडल्यासारखं, ठक... ठक... औषध वाढवलं. ठक... ठक... सिस्टर म्हणते, "चढतच नाही हो मॅडम!" बाई म्हणतात, "काका, ठोके कमी करायची ती गोळी बंद ठेवायला सांगितली होती ना?" बाबा छातीठोकपणे, "बंद म्हणजे बंद!" आणि माझ्या हातावरच्या त्यांच्या शर्टाच्या खिशातून काय पडावं? गोळ्यांचं पाकीट! दोन घरं रिकामी!

जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडल्या या माणसाने, आणि परीक्षेला स्वतः खिशात कॉपी! वर बाईंना शिकवतात, "मॅडम, पळून आल्यावर ज्याची नाडी शांत, तो गडी दमाचा. मी हजारो पोरांच्या नाड्या मोजल्यात. म्हटलं, चांगले मार्क पडतील..." बाई म्हणाल्या, "सर, आम्हाला घोडं पळवायचंय आणि तुम्ही त्याचे पाय बांधून आणलंत!" तपासणी रद्द, पुन्हा या. आणि रिक्षात बसल्यावर हेच महाशय मला म्हणतात, "अर्ध्यात सोडली बघ त्यांनी."

दुसरी सुट्टी मी मागितलीच नाही. सरळ घेतली. गोळ्या माझ्या खिशात, बाबा टेबलावर, औषध सुरू... आणि तुम्हाला सांगतो, मी जे बघितलं ना!

बाबा निपचित. बोटसुद्धा हलत नाही. आणि पडद्यावर त्यांचं हृदय उठलं! आधी चाललं, मग भरभर, मग सुटलंच! मूठ वळावी, उघडावी, वळावी, तशी ती भिंत, आत झडपांची ती फडफड, थकत नाही, चुकत नाही, कोणी बघत नसतानाही सत्तर वर्षं हेच चाललंय! ज्या छातीतून माझ्यावर शिट्ट्या वाजल्या, तिच्या आत हे होतं? सिस्टर म्हणाली, "अहो, श्वास घ्या, तपासणी त्यांची आहे."

तेवढ्यात बाबांच्या कपाळावर घाम. "बंद करा... धडधडतंय... बंद करा!" बाईंनी पडदा बघितला, "छातीत दुखतंय का सर?" "दुखत नाही... पण नको!" "सगळं ठीक आहे, थोडंच राहिलंय. थांबवू का? तुम्ही सांगाल तसं." बाबांनी माझ्याकडे बघितलं. घाबरले होते हो. शिट्टी सर, आणि घाबरलेले! मी त्यांचा हात धरला आणि त्यांच्याच मैदानावरच्या आवाजात ओरडलो, "शेवटची फेरी! रेष ओलांडायची! अर्ध्यात सोडायचं नाही, सर!"

बाबांनी डोळे मिटले, माझं मनगट असं आवळलं की अजून वळ आहे, आणि धावले. पडल्या पडल्या धावले! बाई म्हणाल्या, "झालं! पोचलो!" औषध बंद केलं, आणि ते हृदय पडद्यावर हळूहळू चालीवर आलं, मैदानाला फेऱ्या मारून आलेल्या पोरासारखं. "हृदय उत्तम आहे," बाई म्हणाल्या. मला माहीत होतं. मी बघितलं होतं ना!

खुबा बदलला. बाबा वॉकर धरून अंगणात फेऱ्या मारतात, गळ्यात शिट्टी. काल सकाळी मला घरी बघून थांबले, "आज गोदाम नाही?" म्हटलं, "नाही." "का?" म्हटलं, "सोडलं." झालं! शिट्टी तोंडात घालता घालता काय म्हणाले असतील ते तुम्हाला माहीतच आहे. इतर वेळी मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण त्यांच्या शर्टाकडे लक्ष गेलं, आत ते चाललेलं दिसलं, आणि तोंड उघडलंच नाही.

त्या दुसऱ्या सुट्टीपायी नोकरी गेली.