उलटा लावलेला राखणदार

दि. १३/०२/२०२६, वेळ दुपारी १२.१०

नाव : सौ. सगुणाबाई धनाजी शिळीमकर, वय ५४ वर्षे, धंदा घरकाम, शिक्षण मॅट्रिक पास, रा. कातळवाडी, विंझरजवळ, ता. राजगड (जुने वेल्हे), जि. पुणे.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी पती धनाजी व मुलगी शिवानी यांच्यासह राहण्यास आहे. पती शेती करतात. शिवानीचे लग्न दि. ८ मार्च रोजी भोर येथे आहे. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला ‘मेडोहर्स्ट इस्टेट’ नावाची नवी वसाहत झाली आहे. तेथील मॅनेजर मंदार साहेब यांनी माझ्याविरुद्ध अर्ज दिला आहे. मी विनापरवाना आत गेले, शोभेच्या दगडी कामावर अर्धा लिटर तेल ओतून शेंदूर फासला व गिऱ्हाइकांना त्रास दिला, असे त्यात आहे. अर्ज मला वाचून दाखवला. आत गेले हे खरे आहे. तेल लावले हेही खरे आहे. बाकीचे सांगते.

आमच्या भैरवनाथाच्या देवळाबाहेर एक वीरगळ उभा होता. आम्ही त्याला राखणदार म्हणतो. कमरेइतका उंच, खाली रुंद, वर निमुळता. खालच्या कप्प्यात एक गडी आडवा पडलेला व मागे तीन गाई. मधल्या कप्प्यात दोन बाया त्याला दंडाला धरून वर नेतात. वरच्या कप्प्यात, म्हणजे स्वर्गात, तो पिंडीपुढे हात जोडून बसलेला. गाई सोडवताना मेला एवढेच माहीत आहे. नाव कोणालाही माहीत नाही. वाडीतल्या प्रत्येक लग्नाची पहिली अक्षत त्याच्यापुढे ठेवतात. देवाला दुसरी. ही रीत मला माझ्या सासूबाईंनी सांगितली. त्यांना कोणी सांगितली हे मी विचारले नाही.

दोन वर्षांपूर्वी देवळाचा जीर्णोद्धार झाला. फरशी बसवावी असे मीही म्हणाले होते, कारण दगडी ओट्यावर पाणी साचते व पुसताना फडकी फाटतात. हे लिहून घ्यावे. पुढे मी इतरांना बोलणार आहे, तेव्हा माझे आधी असावे.

जुने काम उतरवण्याआधी देवाची कला काढतात. म्हणजे गुरव मंत्र म्हणून दगडातला देव पाण्याच्या कलशात घेतात व काम पुरे झाले की नव्या मूर्तीत घालतात. कला काढली की मागे राहतो तो नुसता दगड. त्या दिवशी कलश माझ्या हातात होता. गुरवांनी पाच नावे घेतली. भैरवनाथ, जोगेश्वरी, गणपती, नंदी, म्हसोबा. नावाला एक याप्रमाणे पाच नारळ फुटले. सहावा फुटला नाही. राखणदार देव नव्हे, माणूस, म्हणून त्याचे नाव कोणाच्या तोंडात आले नाही. मलाही सुचले नाही. पाच नारळ माझ्या खर्चाच्या वहीत मागल्या पानावर लिहिलेले आहेत. वही पाहिजे असल्यास आणून देते.

उतरवलेले दगड रस्त्याकडेला रचले. राखणदाराला गड्यांनी उभा ठेवला होता. उभा ठेवला तर वासरे अंग घासतील म्हणून मीच त्यांना आडवा ठेवायला लावला आणि वर बारदान घातले. आडवा पडला म्हणून तो त्या ढिगातलाच एक वाटला असणार. ही चूक माझी आहे. त्यानंतर मी बारशाला माहेरी उत्रोलीस दोन दिवस गेले. परत आले तेव्हा ढीग नव्हता. कला काढलेले दगड वाहत्या पाण्यात सोडायचे असतात, ते सोडले, असे मला घरात सांगण्यात आले. मी विश्वास ठेवला. त्यानंतर वाडीत चार लग्ने झाली. चारही वेळा पहिली अक्षत मोकळ्या जागेवर ठेवली.

दि. ९ रोजी शिवानीच्या मोबाईलवर सासरकडून फोटो आले. लग्नाआधीचे फोटो कुठे काढायचे ती जागा दाखवायला पाठवले होते. एका फोटोत मागे पडकी भिंत होती. शिवानी म्हणाली, “आई, हे बघ जरा. हा आपलाच का?” मला ओळखेना. मग मी मोबाईल उलटा धरला तेव्हा ओळख पटली. राखणदार डोके खाली करून भिंतीत बसवलेला होता. गाईंचे पाय आभाळाला. स्वर्ग तळाशी, गवतात.

दि. १२ रोजी सकाळी सव्वादहा वाजता मी वसाहतीच्या गेटवर गेले. सोबत पिशवीत तेलाची वाटी, हळदकुंकू, नारळ व अक्षत होती. गेटवर आमच्याच वाडीतला ज्ञानू पहारेकरी आहे. त्याला तांबडा कोट व काळी उंच टोपी दिलेली आहे. मी विचारले, “हे काय रं डोक्यावर?”

“टोपी हाय काकी. विलायती. दिसभर घालायला लागती.”

“टक्कल पडंल घामानं.”

“पडू द्या. पगार तर पडतुया. तुमी कुठं निघाला?”

“राखणदाराकडं. हितंच हाय न्हवं तो? दोन वरसं तू बघतुयास.”

ज्ञानूने टोपी काढून काखेत धरली. त्याच्याही लग्नाची पहिली अक्षत त्याच दगडापुढे ठेवलेली आहे. गेट कसे उघडले हे मला सांगायचे नाही. ज्ञानूने मला अडवले होते, असे लिहावे.

आत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बुटकी दगडी घरे आहेत. इंग्लंडातल्या खेड्यासारखे केले आहे असे पाटीवर लिहिले आहे. छपरे पेंढ्याची दिसतात, हात लावला तर प्लास्टिक. प्रत्येक घराला धुराडे आहे, आत चूल नाही. आमच्या घरांवरचा पेंढा काढून पत्रे घातले तेव्हा वाडी सुधारली असे सगळे म्हणाले होते. रस्त्याच्या टोकाला लांबट खिडक्यांचा मोठा बंगला आहे व त्याच्या समोर टेकाडावर टोकदार कमानीची उंच पडकी भिंत. तेथे भोरचे उपेंद्र साहेब उभे होते. या वसाहतीचे नकाशे त्यांनी केले आहेत. मी त्यांना विचारले, “हे कधी पडलं?”

ते म्हणाले, “पडलं नाही काकू. पडकंच बांधलंय.”

“नवं पडकं?”

“हो. इंग्लंडात जुन्या जमीनदारांच्या बागांत असं असायचं. बंगल्याच्या खिडकीतून बघायला. मोडका मठ दिसला पाहिजे, म्हणून मुद्दाम अर्धवट बांधायचे.”

“त्यांच्याकडं खरं पडकं न्हवतं व्हय?”

“होतं की. पण ते बहुतेक दुसऱ्याच्या शेतात असायचं.”

मला हसू आले. तसे लिहिण्यास हरकत नाही.

उपेंद्र साहेब दोन वर्षे तिकडे शिकायला होते. तिकडे ज्या जुन्या घरांची सरकारदरबारी नोंद आहे त्यांची खिडकीसुद्धा परवानगीशिवाय बदलता येत नाही, झिजलेला दगड काढला तर त्याच जातीचा घालायचा आणि सिमेंट नाही, चुनाच वापरायचा, असे त्यांनी आपणहून सांगितले. बोलताना त्यांना आनंद होत होता. मी म्हणाले, “साहेब, तिकडचं धुराडं आणलं, कमान आणली, ज्ञानूची टोपी आणली. मग एवढी एकच गोष्ट तिकडं का ठिवून आला?”  मग मी राखणदार दाखवला व उलटा का लावला ते विचारले. ते बराच वेळ वाकून पाहत होते. म्हणाले, “गवंड्यानं रुंद बाजू वर घेतली असेल, भार बसावा म्हणून. मी बघायला हवं होतं.” दगड कुठून आला हे त्यांना ठाऊक नव्हते असे ते म्हणाले. मला ते खरे वाटले.

गिऱ्हाइकांच्या त्रासाबाबत सांगते की, तेथे पुण्याचे एक जोडपे फोटो काढून घेत होते. मुलगी भिंतीला टेकून एक पाय मागे दुमडून उभी होती. तिची टाच राखणदाराच्या जोडलेल्या हातांवर होती. मी म्हणाले, “बाळ, पाय काढ. माणूस हाय तिथं.” तिने वाकून पाहिले, चप्पल काढली व नमस्कार केला. जाताना माझ्याकडून कुंकू लावून घेतले. ते अर्जात आलेले नाही.

तेल अर्धा लिटर नव्हते. एक पळी होते. अर्धा लिटर तेल मी कोणाच्याही भिंतीवर ओतत नाही. शेंदूर लावलेला नाही, आम्ही त्याला शेंदूर लावत नाही. हळदकुंकू लावले. अक्षत ठेवली नाही. डोके खाली असलेल्याच्या पुढे ठेवलेली अक्षत त्याने घ्यावी कशी? नारळही फोडला नाही, परत आणला.

तेवढ्यात मंदार साहेब आले. त्यांचे व माझे बोलणे असे झाले.

“मावशी, ही खाजगी जागा आहे.”

“जागा तुमची. दगड कुणाचा?”

“आमचाच. तुमच्या देवस्थान कमिटीनं लेखी दिलंय.”

त्यांनी कागद दाखवला. ‘कला काढलेले निरुपयोगी दगड राडारोडा म्हणून उचलून नेण्यास आमची हरकत नाही,’ असे त्यात आहे. खाली दोन सह्या आहेत. एक कमिटीचे अध्यक्ष चिमाजी शिळीमकर यांची, ते माझे चुलत दीर लागतात. दुसरी चिटणीस म्हणून माझे पती धनाजी यांची. सही मी ओळखते. त्याबाबत मला काही सांगायचे नाही. कालपासून घरात तीन वेळा स्वयंपाक झाला. तिन्ही वेळा पती ताट वाढायच्या आत शेतावर गेले.

मंदार साहेब मला म्हणाले, “हवा तर मशीनवर असाच दुसरा करून देतो. हुबेहूब. फुकट.”

मी म्हणाले, “त्या दुसऱ्यातला कुणाच्या गाई सोडवाय गेलता?”

त्यावर त्यांनी पोलिसांना फोन केला. मी पळाले नाही. ठाण्याची गाडी येईपर्यंत पाऊण तास तेथेच गवतावर बसले होते. उपेंद्र साहेबांनी पाण्याची बाटली आणून दिली.

आज सकाळी आठ वाजता चिमाजी भाऊजी घरी आले. म्हणाले, “वैनी, पोरीचं लगीन तोंडावर आन् तुमी ठाण्यात? माफी लिवून द्या, मिटवू. कला काढल्याला धोंडा त्यो.”

मी म्हणाले, “भाऊजी, कलश म्या धरला हुता. पाच नारळ फुटले. त्याचा कुठला, सांगा.”

“माणसाची कला काढत न्हाईत.”

“मंग काढली न्हाई न्हवं? म्या तेच सांगती.”

भाऊजी चहा न घेता गेले.

तरी माझे म्हणणे असे की, कमिटीने कला काढलेले दगड दिले. राखणदाराची कला काढलेली नाही. तो त्या कागदात बसत नाही, त्याला कागदाशिवाय नेलेले आहे. कमिटीने माझ्याविरुद्ध साक्ष दिली तरी मी हेच सांगेन. माझ्या घरातून कोणी दिली तरी हेच सांगेन.

पुन्हा वसाहतीत पाऊल टाकणार नाही व झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, असे छापलेले हमीपत्र माझ्यापुढे ठेवण्यात आले. त्यावर मी सही केलेली नाही व करणार नाही. राखणदाराला आडवा ठेवायला लावला, ती चूक माझी. त्याबद्दल मी त्याच्याजवळ कान धरले आहेत. दुसऱ्या कोणाजवळ धरायचे कारण नाही.

शुक्रवार दि. २० रोजी सकाळी आठ वाजता मी पुन्हा जाणार आहे. सोबत आमचा गवंडी असेल. मंदार साहेबांनी त्याआधी दगड सुटा करून दिला तर गवंड्याला गेटवरूनच माघारी पाठवीन. न दिला तर भिंतीपुढे बसेन, उचलून न्यायचे तर न्यावे. दगड काढला तर भिंत पडेल असे ते म्हणतात. ती पडकीच बांधलेली आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मी चोरून गेले असे नंतर कोणी म्हणू नये.

लग्नाला तेवीस दिवस राहिले आहेत. पत्रिका छापून आलेल्या आहेत व या पिशवीत आहेत. त्यात मंदार साहेबांची आहे, उपेंद्र साहेबांची आहे, या ठाण्याचीही आहे. पहिली अक्षत ठेवल्याशिवाय दुसरी कोणाला देता येत नाही, म्हणून एकही पत्रिका वाटलेली नाही. माझ्या माहेरीही नाही.

हा जबाब हवालदार साहेबांनी मोठ्याने वाचला, मी शब्दन् शब्द ऐकला. दोन ठिकाणी ‘शोभेचा दगड’ असे लिहिले होते, ते खोडून ‘राखणदार’ केले व खाडाखोडीवर मी सही केली. आता सांगितले तसे उतरले आहे. वाचून झाल्यावर हवालदार साहेबांनी विचारले, आमची पत्रिका कोणती. मी काढून दाखवली. हातात दिली नाही.

सही : सगुणाबाई धनाजी शिळीमकर