सगाईचा अमल

हॅलो?… हॅलो… हो, धुळ्याहूनच. जवरीलाल बोलतोय… कोण, भिकम? अरे मोठ्यानं बोल, जळगावहून बोलतोयस की कलकत्त्याहून?… हां. आता येतोय आवाज.

बरा आहे… बरा म्हणजे, कालपासून भात पोटात टिकतोय… नाही, झोप नाही अजून. पाय ओढतात. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी… सर्दी नाही रे! सर्दी असती तर तुझ्या काढ्यानं गेली असती. अमल सुटताना असंच होतं… अमल, अमल! अफू!… हळू कशाला बोलू? इथं दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. सुनंदाबाई नर्स इथंच उभ्या आहेत, त्यांनीच तर हाक मारून फोनवर आणलं मला.

हो, डबा पोचला. मेथीचे लाडू मिळाले. आणि एका लाडवात दडवलेली अफूची गोळी, तीही मिळाली… तूच ना? वाटलंच… नाही खाल्ली. हातात धरून बसलो होतो बराच वेळ, मग डॉक्टरांना दिली… अरे, भावाच्या मायेनं पाठवलीस, कळतं मला. पुन्हा पाठवू नकोस.

गुलाबची आई कुठंय?… देवळात? मागच्या फोनलाही देवळातच होती… बरं. राहू दे… आणि इकडे कोणाचं येणं… नाही, सहज विचारलं. दुकान आहे, समजतं. एस.टी. दिवसभर सुटत असतात, एवढंच सांगतो.

बोल, काम काय?… सगाई? पक्की?… या रविवारी!… अरे वा… नाही, आनंदच आहे. गुलाब काय म्हणते?… लाजते. हं… सावद्याचं घर चांगलंच आहे.

मी?… नाही भिकम, मला नाही येता येणार… एका दिवसासाठीही नाही… ऐक तर… अरे, आपल्या मारवाड्यांतली सगाईची रीत मला ठाऊक आहे! मुलीच्या बापानं अमलाचं पाणी तळहातावर घ्यायचं, व्याह्यानं त्यातून प्यायचं. मग व्याह्याच्या तळहातावरचं आपण. नाही म्हटलं की अपमान. असाच कोणाचा अपमान न करता करता इथवर येऊन पोचलोय मी.

नुसतं ओठाला लावायचं?… तुला तंबाखू सुटली?… मग. आणि दुसरं नीट ऐक. डॉक्टर म्हणतात, शरीराची सवय आता मोडत आलीय. पूर्वी पचायची तेवढी मात्रा आता पोटात गेली, तर झोपेत श्वास थांबेल… घाबरवायला नाही सांगत. माझ्या आधी इथं होता एक गिरणीवाला. बरा होऊन घरी गेला, भाच्याच्या लग्नात आग्रह झाला… हो. सकाळी उठलाच नाही.

मन घट्ट केलं की झालं, असं मीही म्हणायचो. किती वेळा शपथा घेतल्या, तूच साक्षीला होतास. हा आजार आहे रे, शपथेनं नाही जात. इथं मोजून मात्रा कमी करत आणतात, पोटाला औषध, झोपेला औषध. नंतरही कितीतरी महिने सांभाळायचं. जिथं अमल फिरतो त्या बैठकीत बसायचंच नाही.

सावद्याला काय सांगितलंयस मी कुठं आहे म्हणून?… मुंबईला, खरेदीला? डाळीचा व्यापारी मुंबईला काय खरेदी करतो?… खरं सांगून टाक… मोडेल? मोडली तर… तसं नाही, मुलगी माझीच आहे. पण खोट्यावर किती दिवस…

कोण येऊन बसलंय?… सावद्याचे व्याही, झुंबरलालजी? तुझ्या पाठीमागे, गादीवर? आत्ता दिसले तुला?… मग इतका वेळ ‘अफू’ काय, ‘दवाखाना’ काय ओरडतोयस!… ते मागताहेत? दे. दे त्यांना.

राम राम, झुंबरलालजी… हो, ऐकलंत ते खरं आहे. मुंबई वगैरे काही नाही… सगाई मोडलीत तरी मी बोल लावणार नाही तुम्हाला…

काय म्हणालात?… डॉक्टरांचं नाव? कशाला?… पुन्हा बोला, खरखर होतेय… कोणासाठी?

…

तुमच्या मुलासाठी? नवऱ्या मुलासाठी?… कधीपासून घेतो?… बैठकीत बसायला लागल्यापासून. तुमच्याच हातून… हं… सकाळी उठल्याबरोबर लागते? नाही मिळाली तर जांभया, अंग मोडून येतं?… हो. तेच ते.

अहो, रडू नका. दुकानात गिऱ्हाईक असेल…

नाही, झुंबरलालजी. कोणाला कळू देऊ नका, हे मला नाही जमणार. गुलाबला आजच कळेल… आणि रविवारी सगाई नाही… मोडत नाही मी. आधी मुलाला इथं घेऊन या. मुनिमाबरोबर पाठवू नका, स्वतः या… डॉक्टर ओरडत नाहीत. माझ्या खोलीत दुसरी खाट आहे, रिकामी… पुढचं गुलाब ठरवेल. तो बरा झाल्यावर… मी? मी आहेच इथं.

भिकम?… ओरड, ओरड आता… मी बरबादी केली, कबूल. म्हणून तिच्या घरातही तीच आणू?… तू गुलाबला सांगणार नाहीस, ठाऊक आहे मला… कोण आलं? दे, तिला दे फोन.

गुलाबची आई?… ऐकतेयस ना?… बोलू नकोस, नुसतं ऐक. सावद्याचा मुलगा अमल घेतो… हो. त्याचा बापच म्हणाला. तसलं घर कसं असतं, ते मी काय सांगणार तुला… गुलाबला तू सांग. सगळं सांग, माझंही सांग… सांगशील?… बरं… बरं झालं देवळातून आलीस… मी ठीक आहे. भात खातो… एकदा इकडे येशील?… नाही, काम काही नाही… हॅलो?… गुलाबची आई?…

हॅलो?…

ठेवला तिनं… हो सुनंदाबाई, झालं बोलून. त्या दुसऱ्या खाटेवर चादर घालाल का?… झुंबरलालजी मुलाला घेऊन ‘येतो’ म्हणाले नाहीत. तरी घालून ठेवा.