साईड

कामशेतला एसटीची वाट बघताना माझ्या मागे दोघी बोलत होत्या.

"उद्या पोलीस भरतीचं ग्राउंड ना गं, रेणुका?"

"व्हय मावशी. पण सरावाला रोज शेवटच्या राउंडला मागनं कुणीतरी 'साईड, साईड' वरडतंय. बघितलं तर मागं कुणीच नसतंय."

"पुढं जायचं असलं की आमचा सुरज असंच वरडायचा. गेल्या भरतीत शेवटच्याच राउंडला पडला, त्यो उठलाच न्हाई."

"म्हणून तर भ्या वाटतंय."

"भ्या कशाचं? साईड दे त्याला. राउंड पुरा होऊ दे माझ्या लेकराचा."

"दिली. आज सकाळीच दिली."

"मग? गेला पुढं?"

"गेला. आता पुढनं 'चल, चल' म्हणतोय."

"रेणुका, उद्या जाऊ नको."

"मावशी, हितं बी म्हणतोय."